गरुडाचा सातवा फोटो

पेणच्या एका फोटो स्टुडिओत नाथा डार्करूम सांभाळायचा. लग्नाचे फोटो काढायचे दुसऱ्यांनी, धुवायचे याने. त्याचा स्वतःचा कॅमेरा म्हणजे मालकाने अडगळीत टाकलेला डबा. एका रोलवर बारा फोटो, आणि दूरचं जवळ आणायची सोय नाही. नव्वद साली, पौषात, तो डबा घेऊन नाथा गरुडाच्या मागे लागला. खरं सांगायचं तर त्याला पाखराच्या लोभापेक्षा हैबतरावाचा राग जास्त होता.

नाथाचं गाव पेणजवळच्या कासूहून तासभर चालीवर, खाडीच्या बाजूला. तो पेणला राहायचा आणि रविवारी घरी यायचा. हैबतराव तिथल्या, खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाचा पंच. मिठागरही त्याच्याच हाताखाली. एका वर्षी उधाणाने बांध फुटला, तेव्हा त्याने राखणीवर असलेल्या नाथाच्या बापाला भर सभेत "झोपाळू बैल" म्हटलं होतं. म्हातारा त्यानंतर सभेची पायरी चढला नाही.

बांधाच्या टोकाला जुना आंबा होता. त्याच्या शेंड्यालगत समुद्रगरुडाच्या जोडीने बैलगाडीच्या चाकाएवढं घरटं रचलं होतं. हैबतरावाच्या कोंबड्या एकामागून एक नाहीशा व्हायला लागल्या आणि त्याने घरटं पाडायचं ठरवलं.

"तो मासं नि पाणसाप खातो," नाथा सभेत उठून म्हणाला. "कोंबडीला शिवत नाय."

"देवाचं वाहन ना ते?" कोणीतरी पुटपुटलं.

"मग देवाच्या दारात जाऊन खाऊ दे," हैबतराव म्हणाला. "नि तू रे, फोटूवाला हायस ना? दाव फोटू. महिन्याभरात नाय दावलास, तर घरटं खाली."

त्या आंब्याला दोन दांडगे फाटे होते. एकावर घरटं, दुसऱ्यावर नाथाची बैठक. पहिल्या रविवारी पाखरांना सवय व्हावी म्हणून त्याने तिथे आडोशाला नुसतं गोणपाट बांधलं आणि उतरला. दुसऱ्या रविवारी त्यात तासभर बसला. तिसऱ्या रविवारी उजाडायच्या आत कॅमेरा घेऊन चढला. घरटं वीस हातांवर. उडत्या पाखराचा फोटो त्या डब्यात नुसता फराटा यायचा, म्हणून गरुड पिलांजवळ टेकेपर्यंत दम धरायचा. मुंग्यांनी मांड्या फोडल्या. पाय लाकूड झाले. मादी साप घेऊन आली, नर बोईट मासा घेऊन आला, नाथा बटण दाबत गेला. सातव्या खेपेला मादी उन्हाच्या बाजूने आली. तिच्या पायांत काय आहे ते डोळे दिपल्याने त्याला दिसलं नाही. आठव्याला त्याने डोकं जरा बाहेर काढलं मात्र, ती थेट त्याच्यावर आली. नखं टाळूत रुतली. रक्ताने आंधळा होऊन तो कसाबसा खाली आला.

सोमवारी पाच टाके घातलेल्या डोक्याने त्याने रोल धुतला आणि फोटो कागदावर उतरवले. पहिल्या फोटोत साप, चौथ्यात मासा. सातवा फोटो रसायनात हळूहळू उमटला: गरुडाच्या पंजात लोंबणारी कोंबडी, मानेवरची पिसं उपटलेली, पाय स्पष्ट.

नाथाने तो लाल दिव्याखालीच वाळवला. मग तो फोटो त्याने वहीच्या पुठ्ठ्यात सारला.

सभेत त्याने सापाचा आणि माशाचा फोटो फिरवला. लोक हैबतरावाकडे बघून हसले. कोणीतरी म्हणालं, "पंच, कोंबड्या सपनात गेल्या का?" नाथाला वाटलं, बापाचं उट्टं फिटलं.

"पाखरू नाय, तर मग मानूस," हैबतराव थंडपणे म्हणाला आणि उठला.

आंब्याखाली गोदूबाईचं खोपट होतं. मिठागरात मीठ ओढणारी एकटी बाई. तिच्या परसात कोंबडीची पिसं सापडली. सापडणारच, वरून पडत होती. दुसऱ्या दिवसापासून तिला काम बंद. विहिरीवर बायका तिच्या कळशीजवळून आपल्या कळशा उचलायच्या. एका सकाळी तिच्या दारावर कोळशाने "चोर" लिहिलेलं होतं.

नाथाला हे पुढच्या रविवारी कळलं. तरी तो गप्प राहिला. आणखी दोन रविवार गप्प राहिला. घरी आल्यावर खोपटावरून जायला नको म्हणून खाजणाच्या चिखलातून फेर घालून जायचा. चौथ्या रविवारी गोदूबाईनेच त्याला वाटेत गाठलं.

"नाथा, तू वर बसला व्हतास. तुला कायच नाय दिसलं?"

त्याच्याने "नाय" म्हणवलं नाही.

संध्याकाळी त्याने सातवा फोटो हैबतरावाच्या ओटीवर, चारचौघांसमोर ठेवला. हैबतरावाने तो उचलून बघितला, मग नाथाकडे बघितलं.

"बाप झोपाळू. पोरगा लबाड."

"गोदूबाईचं काम तिला परत द्या," नाथा म्हणाला.

"ते मी बघीन. आधी कोयते काढा रे."

घरटं पाडायला चौघे चढले. पिलं उडायला आठवडाभर बाकी होता. दोन्ही चिखलात पडली. एक तिथेच मेलं, दुसरं कुत्र्यांनी नेलं. गरुडाची जोडी अंधार पडेतो वर ओरडत घिरट्या घालत राहिली. नाथा बांधावर उभा होता. कोणी त्याच्याशी बोललं नाही. बापही घरात गेला आणि आतून कडी घातली.

हैबतरावाने गोदूबाईला निरोप धाडला: सकाळपासून कामावर ये. ती गेली नाही. कपड्यांचं गाठोडं आणि पातेलं घेऊन तिने खोपट सोडलं. जोहे गावाला तिची बहीण होती, तिथे गणपतीच्या कारखान्यात माती मळायला माणसं लागत.

नाथा तिला सडकेपर्यंत सोडायला निघाला, गाठोड्याला हात लावायला गेला.

"हात लावू नको," ती म्हणाली. "ज्या दिशी फोटू निघाला, त्या दिशी का नाय दावलास?"

"हैबतरावाला खाली बघायला लावायचं व्हतं मला, गो गोदूबाय."

"आनि मला?"

एसटी आली. ती चढली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.