आधी वरचा बोल्ट

"आयुष्यभराचं तेल म्हणे! कुणाच्या आयुष्याचं? गाडीच्या, की तुझ्या त्या गॅरेजवाल्याच्या?"

उस्ताद अंगणात ओरडत होते. समोर त्यांची लेक गाडीची चावी मुठीत धरून उभी होती. उस्तादांची चाळीस वर्षं ट्रकखाली, दुरुस्ती करण्यात गेली होती. हळू बोललेलं त्यांना बोलणंच वाटत नसे.

"तो असं म्हणाला नाही, बाबा. हे तेल कधी बदलावं लागत नाही असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, एवढंच म्हणाला. तरी गिअरबॉक्सचं तेल बदलून देतो, पण गाडी दोन दिवस ठेवा."

"आणि पोरांना काय खांद्यावर बसवून नेणार?"

लेक त्या गाडीतून मुलांची शाळेला ने-आण करायची. उद्या सकाळी सात वाजता सहा मुलांना परीक्षेला पोचवायचं होतं, आणि आठवडाभर गाडी गिअर बदलताना हिसके देत होती.

गॅरेजवाला म्हणजे बारक्या. नऊ वर्षं उस्तादांच्या हाताखाली शिकला. स्वतःचं गॅरेज काढलं तेव्हा पाटीवर लाल अक्षरांत 'उस्तादांचा शिष्य' लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी पाटी नव्याने रंगवली आणि त्या जागी आलं 'ऑटोमॅटिक गाड्यांचे तज्ज्ञ'. तेव्हापासून बारक्याचं नाव निघालं की उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"तज्ज्ञ! नट कुठल्या बाजूला फिरतो ते मी शिकवलं त्याला."

"तुम्ही ऑटोमॅटिक कधी उघडलीत?" लेकीनं विचारलं.

ते वर्मी लागलं.

"तेल ते तेल. खालून काढायचं, वरून घालायचं. संध्याकाळपर्यंत गाडी दारात तयार नसली तर मला बाप म्हणू नकोस!"

त्यांनी गाडी सपाट जागी उचलून ठोकळ्यांवर बसवली आणि तणतणतच खाली शिरले. पाना लावला, खालचा बोल्ट सोडला. काळंकुट्ट तेल घमेल्यात पडू लागलं. करपल्याचा वास सुटला.

"बघ! हे पाज त्या पुस्तकवाल्यांना!"

धार संपली. खालचा बोल्ट परत बसवून ते बाजूला वरच्या अंगाला असलेल्या, तेल भरायच्या बोल्टकडे वळले. तो हलेना. पान्याला पाइप घालून जोर लावला. पाना कर्रकन घसरला आणि बोल्टचे कोपरे गुळगुळीत झाले.

पाठीवर पडल्या पडल्या उस्तादांना स्वतःचाच नियम आठवला.

आधी भरायची वाट उघड, मग पोट रिकामं कर. भरायचा बोल्ट नाही निघाला तरी जुनं तेल आत राहतं, गाडी चालते. हाताखालच्या प्रत्येकाकडून त्यांनी हे पाठ करून घेतलं होतं. बारक्या एकदा विसरला, तेव्हा भर बाजारातून त्याला टेम्पो ढकलत न्यायला लावला होता.

लेक खाली वाकली. "काय झालं?"

"काही नाही."

तिनं भरलेलं घमेलं पाहिलं, झिजलेला बोल्ट पाहिला आणि फोन काढला.

"कुणाला लावतेस?"

"ज्याचं नाव तुम्हाला सोसत नाही त्याला."

"तो या दारात आला तर..."

"तर काय? ही रिकामी गाडी परीक्षेला तुम्ही ढकलत नेणार? आता एक शब्द बोलू नका, बाबा."

एवढ्या वर्षांत तिनं बापावर आवाज चढवला नव्हता.

बारक्या आला. नावालाच बारक्या, पोट त्याच्या आधी फाटकातून आत आलं. त्यानं वाकून एकदा पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. पण तो गप्पच राहिला. उस्तादांना ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

"बोल की! जीभ गॅरेजात ठेवून आलास?"

"काय बोलू, उस्ताद?"

"टेम्पो ढकलायला लावताना मी जे बोललो होतो ते!"

"ते पोरीसमोर बोलण्यासारखं नव्हतं," बारक्या म्हणाला. त्यानं एक नंबर लहान पाना हातोडीनं बोल्टवर ठोकून बसवला. "पाइप तुम्ही ओढा. माझं पोट आड येतं."

उस्तादांनी सगळा राग त्या पाइपवर काढला. कट्ट करून बोल्ट सुटला.

नवीन तेल भरलं. बारक्यानं इंजिन चालू करायला लावलं, तेल गरम होऊ दिलं आणि उस्तादांना खालचं, तेलाची पातळी बघायचं छोटं झाकण उघडायला सांगितलं.

"धार आहे तोवर थांबा. थेंब थेंब यायला लागलं की बंद करा. तेवढंच तेल हवं."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"पुस्तकानं."

उस्तादांनी दात आवळून थेंबांची वाट पाहिली आणि झाकण घट्ट केलं.

लेक गाडी घेऊन चक्कर मारायला गेली. तेव्हा उस्तादांनी दोन वर्षं मनात ठेवलेलं विचारलं.

"पाटीवरून मला का पुसलंस रे?"

"रंगारी म्हणाला जागा पुरत नाही. म्हटलं, उस्ताद येऊन गचांडी धरतील, मग मोठी पाटी करू. तुम्ही आलाच नाहीत."

"म्हणजे चूक माझीच?"

"बोल्टची तुमची. पाटीची माझी."

तेवढ्यात गाडी दारात येऊन थांबली, एकही हिसका न देता. लेकीनं काच खाली केली.

"गाडी दारात आहे. आता बाप कुणाला म्हणू?"

बारक्याचं पोट हसून हसून हलू लागलं. उस्ताद हसले नाहीत.

"दात काय काढतोस? घमेलं उचल आधी, तज्ज्ञ!"