मला देणारे तुम्ही कोण?

लोकांचे खिसे तपासणं हे माझं काम आहे आणि ते मी वीस वर्षं इमानाने करते. आमची लाँड्री आहे. कपडा आला की आत नंबराची चिंधी टाचायची, मग खिसे उलटे करायचे, निघेल ते त्याच नंबराच्या पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत. वाचायचं नाही, असा नियम आमच्या ह्यांनी घातलाय. मी वाचते.

तेव्हा ह्यांच्याच पँटच्या खिशात चिठ्ठी सापडली, ती मी वाचली नसती तरच नवल. एकच शब्द होता, ह्यांच्या अक्षरात: बायको.

माझ्या मनात पाल चुकचुकायला एवढं पुरे झालं. दोन महिन्यांपूर्वी माझ्या छातीत गाठ निघाली. येत्या सोमवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, ‘काळजी करू नका.’ काळजीचं कारण नसलं की कोणी असं म्हणत नाही. बेशुद्ध होऊन स्वतःला परक्या माणसाच्या हाती सोपवायचं, हे मला काही केल्या पटेना. मी कोणालाही ताकास तूर लागू दिली नव्हती, पण सोमवारी मी जाणारच नव्हते.

आणि नेमके गाठ निघाल्यापासूनच हे पहाटेच्या प्रार्थनेला जायला लागले. आधी इस्त्री तापली नाही तरी माझ्यावर तापणारा माणूस, आता गोड बोलायचा. स्वयंपाकघरात येऊन कुठल्या डब्यात काय ते विचारून घ्यायचा. मी गेल्यावर सापडायला नको का? पाणी कुठेतरी मुरत होतं.

आम्ही पिढीजात ख्रिस्ती. रविवार मी चुकवत नाही, गाणी तोंडपाठ आहेत. पण आमच्या पाळकांचं नवीनच सुरू झालेलं, सगळं अंतःकरण देवाला द्या. पहाटे प्रत्येकाने आपण घट्ट धरून ठेवलेली एक गोष्ट चिठ्ठीवर लिहायची आणि वेदीजवळच्या पेटीत टाकायची. रविवारी ते त्या न वाचता जाळतात. टाकली की ती गोष्ट देवाची, आपला हक्क संपला. माझं म्हणणं, सगळं कोणालाच देऊ नये. देवालासुद्धा थोडं राखूनच द्यावं.

म्हणजे ह्यांनी जिवंत बायकोवर पाणी सोडलं होतं. दुसऱ्या दोन पँटच्या खिशांतही तीच चिठ्ठी निघाली, तोच शब्द. एकदा देऊन समाधान झालं नाही वाटतं. कागद घड्यांवर मऊ पडले होते, दिवसचे दिवस खिशात वागवल्यासारखे. दुसऱ्या कोणाचा खिसा असता तर मी तिथेच थांबून विचार केला असता. पण संताप आला की माझी अक्कल गहाण पडते.

शुक्रवारी पहाटे मी ह्यांच्या मागोमाग निघाले आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसले. जेमतेम आठ-दहा माणसं होती. बेकरीवाला उठला, चिठ्ठी टाकून आला. शाळेतल्या बाई टाकून आल्या. मग हे उठले. पेटीवर हात नेला आणि तसेच उभे राहिले. बराच वेळ. मग चिठ्ठी खिशात घातली आणि जागेवर येऊन बसले.

मी जाऊन शेजारी बसले. हे दचकले.

“टाकली का नाही?” मी विचारलं.

“तू इथे कशी?”

“ते राहू द्या. तीन चिठ्ठ्या वाचल्यात मी. मला देणारे तुम्ही कोण?”

 हे हळू आवाजात म्हणाले, “दुकान देऊन झालं. माझा राग देऊन झाला. मुलगी आपल्याशी बोलत नाही, तेही देऊन झालं. तुझ्यापाशी येऊन हात अडतो. टाकली आणि देवाने खरंच तुला घेतलं तर? दीड महिना रोज आणतो आणि रोज परत नेतो. तुला म्हणून सांगतो, माझा विश्वास नाही बसत त्याच्यावर.”

मला रडू आलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की घरात संशयी मी एकटीच आहे.

“आणा इकडे ती,” मी म्हटलं.

“तू काय करणार?”

“माझी मी देते. तुम्ही बसा.”

पेटीपाशी गेले. मनात म्हटलं, देवा, मला तुझा भरवसा वाटत नाही, हे तुला ठाऊक असेलच. तुला सगळं हवंय ना, मग हा संशयही घे, माझ्याजवळ तोच सगळ्यात जास्त आहे. म्हटलं खरं, पण बोटं सुटेनात. पेटीच्या फटीत अर्धा कागद आत, अर्धा माझ्या चिमटीत. मागे बेकरीवाला खोकला. पाळक एका बाजूला उभे होते, त्यांनी शहाणपणाने दुसरीकडे पाहिलं. मला जगायचं होतं. आणखी पुष्कळ वर्षं, ह्याच माणसाबरोबर, भांडत. तेही सांगून टाकलं. मग बोटं सोडली.

वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. भीती जेवढी होती तेवढीच राहिली.

परत आले तर हे तोंडावर हात धरून बसले होते. मी त्यांना थोडं सरकवून जागा केली.

“सोमवारी मी जाणार नव्हते,” मी म्हटलं.

ह्यांनी हात काढून माझ्याकडे पाहिलं.

“आता जाईन. सातला पोचायचंय. मला बेशुद्ध करेपर्यंत माझा हात सोडू नका.”