बिनजोडाक्षरांची चिठ्ठी

शिक्षण खात्याचं परिपत्रक आलं की हेडसर ते वाचत नसत. पहिल्या पानावरचा विषय बघत, चष्मा कपाळावर ढकलत आणि शिपायाकरवी ते तिसरीच्या वर्गात धाडून देत. तिसरीच्या बाईंनी ते वाचावं, बाकीच्या शिक्षकांना त्यातलं सार समजावून सांगावं आणि घरोघरी जाणारी चिठ्ठी लिहावी, असा शाळेचा पायंडाच पडला होता. बाई एकदा चुकून म्हणाल्या होत्या, की मला ती भाषा कळते. झालं, तेव्हापासून ते लोढणं त्यांच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

त्या वर्षी तर खात्याला ऊतच आला होता. दप्तराच्या ओझ्याचं धोरण आलं, त्याची सुधारणा आली, मग सुधारणा रद्द करणारं शुद्धिपत्रक आलं, आणि दप्तरं होती तेवढीच जड राहिली. बाईंचे गुडघे दुखत. फळ्याच्या वरच्या टोकाला लिहायला हात उचलला की खांदा कुरकुर करी. शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप त्यांच्यासमोर येई, निवे, त्यावर साय धरे आणि तसाच परत जाई. घरी गेल्यावर नवरा विचारी, "आज काय झालं?" बाई म्हणत, "आलं एक." कुठलं आलं, हे तोही आता विचारत नसे.

या सगळ्या रेट्यात बाईंना खरा अभिमान होता तो आपल्या चिठ्ठीचा. त्या चिठ्ठीत एकही जोडाक्षर नसे. शाळेत येणाऱ्या बऱ्याच घरांत वाचणारी माणसं अर्ध्यातून शाळा सोडलेली होती. ओळीखाली बोट ठेवून वाचत आणि जोडाक्षर आलं की खड्ड्यात चाक जावं तशी अडकत. म्हणून बाई 'प्रमाणपत्र' लिहीत नसत, 'कागद' लिहीत. 'संमती' नाही, 'होकार'. खात्याची पाचपानी मोळी त्या चार ओळींत बसवत आणि ती कुणालाही वाचता येई. हेडसर म्हणत, "बाई, तुमच्या हातात जादू आहे," आणि तेवढ्यात पुढचं परिपत्रक सरकवत.

'पालक' या शब्दाला जोडाक्षर नव्हतं, पण त्यालाही बाईंनी हद्दपार केलं होतं. फळ्यावर 'पालक सभा' लिहिलं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येई, "बाई, कोबीची सभा कधी?" मग तास संपेपर्यंत वर्गाचा भाजीबाजार होई. शिवाय, कुटुंबांशी आपुलकीच्या भाषेत बोला, असं खात्यानंही कळवलं होतं. तेव्हा 'पालक' गेले आणि चिठ्ठीत 'आई-बाबा' आले. बाईंना तो बदल मनापासून आवडला होता.

आणि मग क्वचित घडणारी गोष्ट घडली. खरोखर उपयोगाचं एक परिपत्रक आलं.

ज्या मुलांना वाचन जड जातं, त्यांच्याजवळ रोज वर्गात बसायला एक प्रशिक्षित मदतनीस मिळणार होती. योजनेला नाव होतं 'वाचन-साथ'. अट एवढीच, की पालकांनी स्वतः सभेला येऊन योजना समजून घ्यायची आणि सही करायची. जागा मोजक्या. परिपत्रक वाचताना बाईंच्या डोळ्यांसमोर सगळ्यांत आधी मुंगी आली.

मुंगी म्हणजे खिडकीजवळच्या बाकावरची, सगळ्यांत लहान चणीची पोर. नाव वेगळं होतं, पण अख्खी शाळा तिला मुंगीच म्हणे. तोंडी हिशेबात पटाईत, गोष्ट ऐकवली तर शब्दन् शब्द पाठ, पण पुस्तक उघडलं की तिच्या कपाळावर घाम येई. अक्षरं हलतात, असं ती सांगे. आई-वडील अपघातात गेले तेव्हा ती रांगत होती. तेव्हापासून मामानं वाढवली. मामाचं शाळेमागच्या गल्लीत केस कापायचं दुकान होतं. साहजिकच मुंगीच्या दोन वेण्यांमधला भांग पट्टीनं आखल्यासारखा सरळ असे आणि इतर मुलींच्या आया त्याकडे बघून आपल्या लेकींना रागावत.

बाईंनी चिठ्ठी लिहिली. "आई-बाबा, शनिवारी सकाळी शाळेत या. मुलांना वाचायला मदत मिळणार आहे. तुमचा होकार हवा." निवडलेल्या मुलांच्या हातात एकेक दिली.

शनिवारी बरेच जण आले. मुंगीचा मामा आला नाही. बाईंनी दाराकडे बघत सभा लांबवली, दोनदा तेच तेच समजावलं. शेवटी त्यांना रागच आला. शनिवारची गर्दी सुटत नसेल दुकानातली, त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी त्याच्या नावापुढे 'गैरहजर' लिहून टाकलं. त्या इतक्या दमलेल्या होत्या की राग धरणं त्यांना गल्लीपर्यंत चालत जाण्यापेक्षा सोपं वाटलं.

नव्या आठवड्यात मदतनीस आली. ज्यांच्या घरचा होकार होता त्या मुलांना घेऊन व्हरांड्यात बसली. मुंगी खिडकीतून मान लांब करून बघत होती. मधल्या सुट्टीत बाईंनी तिला टेबलाशी बोलावलं.

"मामा का नाही गं आला तुझा?"

"कुठे?"

"सभेला. चिठ्ठी दिली होती ना मी?"

"ती होय! ती मी आमच्या शेजारच्या, चौथीतल्या ताईला दिली. तिची हरवली होती."

"अगं, पण तुझी तू द्यायचीस का दुसऱ्याला?"

मुंगीला प्रश्नच कळला नाही. "ती आई-बाबांची होती ना? ताईकडे दोन्ही आहेत."

बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मुंगीला वाटलं, बाईंचा विश्वास बसत नाही.

"खरंच, बाई. मी वाचली ती! सगळी. एकटीनं. अक्षरं हलत होती, पण मी बोट दाबून धरलं. रात्री अर्धी वाचली आणि सकाळी अर्धी." आणि मग तिनं डोळे मिटून चिठ्ठी घडाघडा म्हणून दाखवली, 'आई-बाबा' पासून 'होकार हवा' पर्यंत. कुठेही चुकली नाही.

बाईंच्या सोप्या भाषेला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणार नव्हतं. ज्या मुलीला धड एक पान वाचता येत नव्हतं तिनं त्यांची चिठ्ठी पहिल्यांदा आपल्या आपण वाचली, नीट समजून घेतली आणि ती आपल्यासाठी नाही, हे ओळखून ज्याची त्याला देऊन टाकली. खात्याच्या त्या रुक्ष, भाजीसारख्या शब्दात मामा बसत होता. पाळतो तो पालक. बाईंच्या मायाळू शब्दात तो बसला नाही. त्यांनी मुंगीला "शाबास" म्हटलं, कारण वाचलं तर तिनं होतंच, आणि तडक हेडसरांकडे गेल्या.

"आता काय करणार?" हेडसर म्हणाले. "यादी वर गेली. बघा कार्यालयात फोन करून. तुमचंच ऐकतील."

कार्यालयातला कारकून वाईट माणूस नव्हता. तोही दमलेला होता. बोलता बोलता काहीतरी चावत होता. "बाई, नशीब काढलंत. एका घरानं नकार दिलाय, एक जागा आहे. आज संध्याकाळपर्यंत कागद आला तर बसवतो. फक्त उशिराचं कारण लागेल."

"कारण लिहा, शाळेची चूक. चिठ्ठी मीच चुकीची लिहिली."

पलीकडे कळफलकाची टकटक झाली. "तसं नाहीये हो इथं."

"काय नाहीये?"

"'शाळेची चूक' असं कारणच नाही. आजारपण आहे, स्थलांतर आहे आणि पालकांची उदासीनता आहे. पहिल्या दोन्हींना दाखला जोडावा लागतो. तिसऱ्याला काही नको, पालकांची सही पुरे."

"अहो, पण तो माणूस उदासीन नाही!"

"मी कुठे म्हणतोय आहे म्हणून? कॉम्प्युटर म्हणतोय."

"आणि मी खाली हातानं लिहिलं, की चूक माझी आहे, तर?"

"तर कागद परत येईल आणि जागा दुसऱ्या शाळेला जाईल. बाई, मी सकाळपासून आत्ता कुठे दोन घास खातोय. काय करायचं ते ठरवा आणि पाठवा. एवढं मात्र सांगतो, तो शेरा मुलीच्या कागदांत राहतो. शाळा सोडेपर्यंत."

शाळा सुटल्यावर बाई कागद घेऊन मागच्या गल्लीत गेल्या. दुकान एका खुर्चीचं. खुर्चीत गालांना साबण फासलेलं गिऱ्हाईक, आरशाखाली कात्र्या मापानं लावलेल्या, आणि भिंतीलगतच्या बाकावर मुंगी पाय हलवत बसलेली. बाईंना बघून मामानं वस्तरा खाली ठेवला.

"या, या, बाई! पोरीनं काही केलं का?"

"नाही हो. मी केलं," बाई म्हणाल्या आणि उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. सभा, चिठ्ठी, आई-बाबा, सगळं.

मामा ऐकत राहिला. मग म्हणाला, "दुकान बंद करून आलो असतो हो मी." त्यात तक्रार नव्हती. एवढं बोलून तो मुंगीकडे बघायला लागला. तक्रार असती तर बाईंना बरं वाटलं असतं. मग तो म्हणाला, "चूक तुमची कसली? आमच्याच घरात ती दोघं नाहीत. आता काय करायचं बोला."

"सही करायची. पण कशावर करताय ते आधी समजून घ्या." न समजावता कुणाची सही घ्यायची नाही, हे बाईंनीच साऱ्या शाळेला शिकवलं होतं. आज त्यांना ते नको झालं होतं. "इथं उशिराचं कारण आहे. पालकांची उदासीनता."

"म्हणजे?"

आयुष्यभर बाईंनी अवघड शब्द सोपे करून दिले होते. हा शब्द त्यांना अवघडच राहू द्यावासा वाटला. गिऱ्हाईक आरशातून त्यांच्याकडे बघत होतं.

"म्हणजे... लक्ष न देणारा."

"कशाकडे?"

"मुलीकडे." बाईंचा आवाज उतरला. "ज्याला पोरीची काही पडलेली नाही, अशा माणसाला उदासीन म्हणतात. हे खोटं आहे, मला माहीत आहे. पण दुसरं काही लिहिलं तर जागा जाते. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुढच्या वर्षी पुन्हा..."

"पुढच्या वर्षीपर्यंत तिनं काय करायचं?"

मामानं टॉवेलला हात पुसले, बोटांच्या बेचक्यांतला साबणसुद्धा नीट पुसला. कागद हातात घेऊन तो उजेडाला गेला. तेवढ्यात मुंगी बाकावरून उतरली आणि त्याच्या कोपराखालून डोकं घालून कागदात बघू लागली. कुणी काही म्हणायच्या आत तिनं त्या ओळीवर बोट दाबलं.

"पा-ल-कां-ची," ती मोठ्यानं वाचू लागली. "उ... दा... सी... न... ता. उदासीनता! बरोबर ना, मामा?"

बाईंना तिथून निघून जावंसं वाटलं.

"बरोबर," मामा म्हणाला. "एकदम बरोबर वाचलंस." मग त्यानं बाईंपुढे हात केला. "पेन द्या, बाई."