तीन थरांखालचं हँडल

निवड शर्यतीला आठ दिवस होते तेव्हा धाकटी सरावात वळणावर पडली. गुडघा सोलला आणि सायकलचं हँडल उजव्या बाजूने दोन बोटं आत वळलं. गुडघा भरून येणार होता. हँडलचं तसं नसतं. अॅल्युमिनियम एकदा वाकलं की ते ठोकून सरळ करता येतं, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. शर्यतीची सायकल चालवणाऱ्याचं निम्मं वजन हातांवर असतं, आणि उतारावर वेग साठच्या घरात जातो.

संध्याकाळी बाबांनी दिवाणखान्यातल्या भिंतीवरून स्वतःचं हँडल उतरवलं. अठरा वर्षांपूर्वी ते याच कार्बनच्या हँडलवर मोठी शर्यत जिंकले होते. क्लबात त्यांना तेव्हापासून कॅप्टन म्हणत. जिंकल्या दिवशी गुंडाळलेली टेप त्यांनी कधीच काढली नाही. मळली की तिच्यावरच नवी गुंडाळायची. पुढे धाकटीच्या दादाने त्यावर दोन हंगाम काढले, तेव्हा तिसरा थर चढला. आतलं हँडल अठरा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"हे लाव," बाबा म्हणाले.

धाकटीला बरं वाटलं. ते बाबांनी तिला आजवर कधी देऊ केलं नव्हतं. सहा वर्षं ती शर्यतीत होती आणि सहा वर्षं बाबा तिच्याशी वेळा आणि चुका एवढंच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी दोघं मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री बाबांच्याच संघातले. शर्यत सुटली आणि सायकलचं दुकान लागलं. त्यांनी हँडल हातात घेऊन तोललं, मग धाकटीला पाठमोरं उभं करून खांद्याच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत फीत धरली.

"एकोणचाळीस सेंटीमीटर. कॅप्टन, हे चव्वेचाळीसचं आहे. पोरगी काय कपडे वाळत घालणारेय यावर?"

"सवय होते."

"बरं. आणि ब्रेकच्या केबल टेपच्या आतून जातात. तिच्या केबल घालायच्या तर टेप काढावी लागेल."

"आहेत त्याच ठेव."

"अठरा वर्षांच्या? अरे, माझे गुडघेही इतके जुने वापरवत नाहीत मला."

"तुझी जीभ मात्र अजून चालते. टेपला हात लावायचा नाही."

मिस्त्रींनी हँडल टेबलावर ठेवलं आणि धाकटीकडे पाहिलं. "कार्बन वाकत नाही बाळा. वाकलं असतं तर बरं झालं असतं, दिसलं असतं. ते ठणठणीत असतं, ठणठणीत असतं, आणि मग एकदम तुटतं. बसणार तू आहेस. तू सांग."

धाकटीने बाबांकडे पाहिलं. ते दाराबाहेर बघत होते. टेप काढायला सांगितली तर हँडल परत भिंतीवर जाईल आणि पुन्हा आपल्यासाठी उतरणार नाही, हे तिला कळत होतं.

"काढा काका," ती म्हणाली.

मिस्त्रींनी पातळ पात्याने टेप उभी चिरली. तिसरा थर, दुसरा, मग पहिला. तो इतका चिकटला होता की खरवडावा लागला. उजव्या ब्रेकचा लिव्हर जिथे कड्याने आवळलेला होता, तिथे त्यांचं पातं थांबलं. कड्याच्या कडेने केसाएवढी रेघ होती. त्यांनी लिव्हर सैल करून सरकवला. रेघ निम्म्या नळीला वळसा घालून गेलेली. त्यांनी नखाने दाबलं, तेव्हा करकर आवाज आला.

तिघांनाही तो आवाज माहीत होता; ऐकून नव्हे, दादाच्या सांगण्यावरून. सहा वर्षांपूर्वी याच हँडलवर अंतिम शर्यतीत दादा पुढे असताना, रेषेला दोन किलोमीटर राहिले होते तेव्हा, सायकलवरून उतरला. "उजवीकडून करकर येते," एवढंच म्हणाला. बाबांनी शंभर माणसांसमोर त्याला भित्रा म्हटलं. महिन्याभरात दादा घर सोडून गेला. आता दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो.

"काल पडल्यामुळे झालं असेल," बाबा म्हणाले.

"काल हे भिंतीवर होतं," मिस्त्री म्हणाले. "आत घामाचं मीठ बसलंय बघ. जुनी चीर आहे. लिव्हर कुणी आवळला होता?"

बाबांनीच आवळला होता. पाना फिरायचा थांबेपर्यंत आवळायचं, घट्ट म्हणजे घट्ट, ही त्यांची क्लबातली शिकवण. कार्बनला किती आवळायचं ते मोजणारा पाना मिस्त्रींच्या भिंतीवर होता. बाबा त्याला थर्मामीटर म्हणत.

"गुंडाळ परत," बाबा म्हणाले.

"कॅप्टन, हे करवतीने कापून टाकायचं असतं. चुकून कुणी लावलं तर?"

"गुंडाळ म्हटलं ना."

मिस्त्रींनी गुंडाळलं नाही. बाबांनी चिरलेल्या टेपसकट हँडल उचललं आणि निघून गेले.

मिस्त्रींनी मग कपाटातून साधं अॅल्युमिनियमचं हँडल काढलं, चाळीसचं, खोक्यातलं. मधला व्यास तिच्या सायकलच्या पकडीत बसतो का ते मापून पाहिलं. "सैल बसलं तर पत्रा घालून जाड करायचं काम मी करत नाही," ते म्हणाले. चारही बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळले. मोजणारा पाना प्रत्येक वेळी टक् करून थांबला.

घरी जाताना धाकटीने दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाबांनी पाहिलं?" त्याने विचारलं.

"पाहिलं."

"मग काय म्हणाले?"

"गुंडाळ म्हणाले."

दादा हसला. "बरं झालं. पटलं असतं तर माझ्याकडे आले असते. आता ते आले तर मी काय करू त्यांचं?" आणि मग, "गुडघा कसा आहे तुझा?"

रविवारी पहिल्या आठांना संघात घेणार होते. धाकटी सातवी आली. उतारावर तिने एकदाही ब्रेकला उगाच हात लावला नाही. क्लबची माणसं भोवती जमली. बाबा गर्दीतून पुढे आले.

"त्या हँडलवर पहिल्या तिघांत असतीस," ते म्हणाले.

"त्या हँडलवर मी दादासारखी उतरले असते, बाबा."

"नाही." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तो उतरला. तू उतरली नसतीस. माझी पोरगी आहेस."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी तिचं केलेलं हे पहिलं कौतुक. मिस्त्री दुसरीकडे पाहू लागले.

टेबलामागच्या बाईंनी संघाचा अर्ज पुढे केला. धाकटीने नाव, वय, रक्तगट भरला. अपघात झाल्यास कुणाला कळवायचं, या रकान्याशी ती थांबली. बाबांचा हात अजून खांद्यावर होता आणि ते वाकून वाचत होते. तिने दादाचा नंबर लिहिला. खांद्यावरचा हात निघाला.