नूरीचा तोबरा

"ही रानटी न्हाईत, पाटील," गुंडाप्पा म्हणाला. "रानटी जनावर माणसाचा वास आला की पळतंय. ही सुटल्याली हायेत."

हिंमतराव पाटलांनी तुडवलेल्या शाळूकडे बोट दाखवलं. पळत नाहीत हेच तर दुखणं, असं त्यांचं म्हणणं होतं.

पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा अणदूरजवळच्या त्या गावचा जहागीरदार रातोरात निघून गेला आणि तबेल्यातली घोडी माळावर सुटली. पहिले काही दिवस ती संध्याकाळी तबेल्याच्या बंद दाराशी येऊन उभी राहत. मग येईनाशी झाली. वर्षभरात त्यांचे खूर वाढून फुटले, आयाळीत काटे गुंतले. आता ती भरदुपारी हुरड्यात शिरत. ओरडलं तर मान वर करून बघत आणि पुन्हा खात.

गुंडाप्पा त्या तबेल्यातला मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा. उभ्या हयातीत त्याने घोड्यावर चाबूक उचलला नव्हता. लोक हसत, पण त्याला याचा भारी अभिमान होता. त्यांतली नूरी घोडी त्याच्या हातावर जन्मलेली. तिचं शिंगरू मात्र माळावर झालं होतं, माणसाचा हात त्याला कधी लागला नव्हता.

पाटलांनी बंदूक काढल्याचं कळल्यावर गुंडाप्पाने त्यांचे पाय धरले. शेवटी ठरलं, हाकेला आली तर नूरी त्याची, बाकीच्यांचं पाटील बघतील. एवढ्यावर तो खूश झाला. बाकीच्यांचा विचार त्याने केला नाही.

माळावर जाऊन त्याने तोबऱ्यातले हरभरे खुळखुळवले. नूरीने कान टवकारले आणि कळप सोडून ती सरळ त्याच्याकडे आली. तिने तोबऱ्यात तोंड घातलं. शिंगरू तिच्यामागून थोडं आलं आणि थांबलं. गुंडाप्पाने तोबऱ्याचा पट्टा तिच्या कानांमागे अडकवला.

"वळखलंस गं माय," म्हणत तो रडायला लागला.

"धर तिला घट्ट," मागून पाटील म्हणाले.

त्याने धरली. पाटलांनी दावं आणलं असेल असं त्याला वाटलं.

बार त्याच्या कानाजवळ झाला. नूरी आधी गुडघ्यांवर आली, मग कुशीवर पडली. तोंड तोबऱ्यातच होतं. श्वासाबरोबर आतले हरभरे थोडा वेळ वाजत राहिले.

"तुमी जबान दिलती," गुंडाप्पा म्हणाला.

"गावात बांधली असती तर तिच्यामागं समदा कळप दारात आला असता." पाटील बोलले ते खोटं नव्हतं, म्हणूनच गुंडाप्पाला ते सोसवेना. पाटील ठासणीच्या बंदुकीत पुन्हा दारू भरू लागले. "आता ते शिंगरू बोलीव."

बाकीचा कळप उधळला होता. शिंगरू तेवढं परत फिरलं आणि आईकडे येऊ लागलं. माणसाला भ्यायचं असतं, हे तिने त्याला शिकवलंच नव्हतं.

गुंडाप्पाने वाकून धोंडा उचलला. पहिला चुकला. दुसरा शिंगराच्या पुढच्या पायावर बसला. ते किंचाळलं, पण आईकडे बघत उभंच राहिलं. तिसरा त्याने तोंडावर मारला. तेव्हा कुठे ते लंगडत उतारावरून पळालं.

पाटलांनी गुंडाप्पाचे आईबाप काढले. त्याने नूरीच्या तोंडाचा तोबरा सोडला, उरलेले हरभरे मातीत ओतले आणि रिकाम्या तोबऱ्यात धोंडे भरू लागला. संध्याकाळी शिंगरू आईला शोधत पुन्हा येणार होतं.