आप्पांचा ठिपका

भिंतीवरच्या टीव्हीत आप्पांचा ठिपका लाल झाला, तसा बद्रीनाथनं तोंडातला चहा कसाबसा गिळला अन् फोन लावला.

"आप्पा, लाल झालंय."

"कोण लाल झालंय? तू का मी?"

"तुमचा कॉम्प्युटर. वायर बघा जरा."

"बघतो की. तुझा टीव्ही लई कुचका हाये बद्री. सगळ्या तालुक्यात त्याला माझंच दिसतं." पलीकडं खुर्ची सरकली, खोकला झाला, कुण्या शेळीला एक शिवी बसली. "काळी व्यायली काल. दोन्ही पाठीच, बोकड नाय एक बी. तुझा गुडघा काय म्हणतो?"

"काय म्हणणार? बसून बसून आखडलाय."

"मग बसतो कामून? ये की इकडं."

असं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आप्पा म्हणाले, "हां, सैल झाली व्हती. आता बघ."

ठिपका हिरवा झाला. बद्रीनाथचा चहा गार झाला होता, तो त्यानं तसाच पिऊन टाकला.

दूध संघाचं हे मोठं ऑफिस गारखेड्यात. गावोगावी संघाची केंद्रं, अन् प्रत्येक केंद्रात दुधाच्या काट्याला जोडलेला एकेक कॉम्प्युटर. पूर्वी त्यात विंडोज होती. पिकावर मावा पडावा तसा त्यांच्यावर व्हायरस पडायचा, अन् ऐन दुधाच्या वेळी मशिनं अडून बसायची. मग बद्रीनाथ जीप काढायचा. आप्पांचं केंद्र फुलंब्रीच्या पुढं, धनगरांच्या वस्तीवर, त्यांच्या स्वतःच्या ओसरीत. तिथलं मशीन तर सगळ्यात खोडील. बद्रीनाथ शिव्या देत जायचा अन् आप्पांच्या बायकोच्या, सुगंधाबाईंच्या हातची भाकरी-ठेचा खाऊन, ढेकर देत परत यायचा.

मग संघानं सगळीकडं लिनक्स घातलं. मशिनं अडायचीच बंद झाली. जीप सत्यम नावाच्या पोराकडं गेली अन् बद्रीनाथला या टीव्हीपुढं बसवलं. हिरवा ठिपका म्हणजे मशीन बोलतंय, लाल म्हणजे गप झालं. लाल झालं की फोन करायचा, एवढंच काम. त्याच साली सुगंधाबाई गेल्या. आप्पांचा पोरगा शिवराज बायको-लेकरं घेऊन वाळूजला कंपनीत गेला. सकाळी दूध घालायला सगळी वस्ती आप्पांच्या दारात यायची. ती पांगली की मागं आप्पा अन् शेळ्या.

त्या दिवशी दुपारी श्रेया बद्रीनाथच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हे लिनक्स, हा टीव्ही, सगळं तिनंच बसवलेलं. पोरगी हुशार, अन् वागायला बी चांगली.

"काका, हे फुलंब्रीकडचं केंद्र रोज लाल का होतंय?"

"लाईट जाते हो तिकडं."

"लाईट गेली तर मशीन बॅटरीवर जातं, ते वेगळं दिसतं. हे कुणीतरी नेटची वायर उपसल्यासारखं आहे. तेही रोज, दूध घेऊन झाल्यावर." ती जरा थांबली. "सगळ्यात जास्त लाल असलेली केंद्रं शेजारच्या गावात जोडायची असं वर ठरतंय. तुम्ही त्यांना ओळखता ना? सांगा त्यांना."

बद्रीनाथनं मान हलवली. ती गेल्यावर टोपी काढून त्यानं टेबलावर ठेवली, अन् ऑफिसचा फोन सोडून स्वतःचा मोबाईल घेऊन जिन्यात गेला.

"आप्पा, खरं सांगा. वायर तुमीच काढता का?"

पलीकडं खुर्ची करकरली.

"आप्पा?"

"मग काय करू?" आप्पा म्हणाले. "तुझं मशीन आता बिघडतच नाय."

"अवो, मग मला फोन करायचा नुसता!"

"काम नसताना? चांगलं दिसतं का ते? तू ऑफिसात बसलेला माणूस."

बद्रीनाथनं कपाळावर हात मारला. "आप्पा, केंद्र उठवतील तुमचं. वायरीला हात लावू नका. मी करतो तुमाला फोन. रोज करतो. मंग तर झालं?"

"केंद्र उठवतील?" आप्पांचा आवाज एकदम खाली आला. "मग दारात येईल कोण, बद्री?"

दुसऱ्या दिवसापासून ठिपका हिरवागार. बद्रीनाथ सकाळी येऊन बसायचा, दुधाची वेळ सरायची अन् हात फोनकडं जायचा. पण बोलायचं काय? आप्पा, हिरवं हाये, असं सांगायचं? ऑफिसात चार माणसं आजूबाजूला. शेळीचं विचारावं तर ते काय काम झालं? उद्या करू म्हणून तो हात मागं घ्यायचा. उद्या बी हिरवंच निघायचं.

असं करता करता आप्पांचं केंद्र उठवायचा वरून हुकूम आला. बद्रीनाथ श्रेयाकडं गेला.

"मॅडम, आता तर एकदा बी लाल झालं नाय."

"मला दिसतंय काका. पण आधीचे महिने धरलेत त्यांनी. मी साहेबांना सांगितलं, मेल केला." तिनं हातातलं पेन उगीच उघडलं, बंद केलं. "आधी एवढं लाल का व्हायचं, कारण विचारतात. ते मी काय लिहू?"

बद्रीनाथ टोपी सारखी करत आपल्या टेबलाशी परत आला.

सत्यम जीप घेऊन गेला अन् संध्याकाळच्या आत त्यानं आप्पांचं मशीन आणून बद्रीनाथच्या टेबलाखाली ठेवलं. स्वच्छ पुसलेलं. वर दसऱ्याला लावलेलं हळदी-कुंकवाचं बोट मात्र तसंच होतं, अन् वायर नीट गुंडाळून तिला शेळीच्या दाव्याची सुतळी बांधलेली.

"काही म्हणाले का?" बद्रीनाथनं विचारलं.

"नाय. च्या पाजला. जीपपर्यंत स्वतः उचलून आणलं त्यांनी. मला हात लावू दिला नाय."

सकाळी टीव्हीवर आप्पांचा ठिपका नव्हता. जागा रिकामी दिसेल असं बद्रीनाथला वाटलं होतं, पण बाकीचे ठिपके सरकून बसले होते. कुणी उठून गेलंय असं वाटतच नव्हतं. सगळं हिरवं.

दुधाची वेळ सरली. बद्रीनाथनं पाय लांब केला, तो टेबलाखालच्या मशीनला लागला. त्यानं पाय मागं घेतला. मग ऑफिसातल्या चार माणसांदेखत, खुर्चीवरून न उठता, फोन लावला.

लई वेळ वाजला. मग उचलला.

"हां, बद्री."

बद्रीनाथनं टीव्हीवरनं नजर फिरवली, सांगायला लाल काही नव्हतं.

आप्पांनीच विचारलं, "काय रे? लाल झालं का?"

बद्रीनाथनं टेबलाखाली पाहिलं.

"व्हय आप्पा. लाल झालंय."

"थांब मग," आप्पा म्हणाले. "बघतो वायर."

खुर्ची सरकली. खोकला झाला. काळ्या शेळीला एक शिवी बसली. बद्रीनाथ फोन कानाला लावून बसून राहिला.