उपडा कप

मी गाडी चालवायला शिकवते. त्यामुळे माझा आवाज मोठा आणि राग नाकावर, असं सासरची माणसं म्हणतात. म्हणू देत. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, तर गोड बोलून कसं चालेल?

नाताळच्या सकाळी धाकट्या दिराला आणायला मीच गेले, टपावर शिकवणीची पाटी असलेल्या माझ्या गाडीनं. दीर लिफ्ट दुरुस्त करतो. मी या घरात आले तेव्हा तो शाळेत होता, म्हणून आमचं अरेतुरेच आहे. यंदा सासरे गेले आणि त्यानंतर तो हळूहळू अंथरुणालाच चिकटला. ताप नाही, दुखणं नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडून. एक दिवस मला म्हणाला, "वहिनी, मला जगावंसं वाटत नाहीये. मला कुठंतरी ने." मी तशीच उठले आणि त्याला मनाच्या आजारांच्या वॉर्डात घेऊन गेले. तिथं तो सावरत होता. नाताळला त्याला एका दिवसाची सुट्टी मिळाली, अंधार पडायच्या आत परत यायचं या बोलीवर.

वॉर्डातल्या सिस्टरनं आम्हाला आधीच बसवून सांगितलं होतं. "सणाला घर भरलेलं असतं, सगळे हसत असतात आणि याला मात्र हसू येत नाही. मग 'मला जायचंय' म्हणायलाही तोंड उघडत नाही. एक खूण ठरवून ठेवा."

खूण दिरानंच सुचवली. आमच्या घरात कप रिकामा दिसला की सासूबाईंनी चहा ओतलाच म्हणून समजा. तर कप बशीत उपडा घातला की ओळखायचं, आता पुरे. ज्याला दिसेल त्यानं काही विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. मी गाडी काढायची, बस्स. हे मी नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. दोघांनीही माना डोलावल्या होत्या.

गाडीत दीर शेजारी बसला. माझ्या गाडीत त्या बाजूलाही ब्रेक आहे, मी शिकवताना तिथंच बसते.

"पाय जपून ठेव रे," मी म्हटलं. "तुझ्या पायाखाली ब्रेक आहे."

"घरी फार माणसं आहेत का गं?"

"तुझी आत्या आलीय. बाकीच्यांची गरज काय?"

तो हसला. पण हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

घर लखलखत होतं. सासूबाईंनी झाडाला इतक्या माळा गुंडाळल्या होत्या, की झाड कुठलं दिसायला? शेंड्यावरची चांदणी दरवर्षी सासरे लावायचे. यंदा सासूबाई स्वतः स्टुलावर चढल्या, कुणाला हात लावू दिला नाही. सासरे गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नव्हतं. काय खंबीर बाई आहे, असं जो तो म्हणायचा. मीही म्हणायचे. घरात एक माणूस आजारी होता, सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे.

जेवण नीट पार पडलं. मग चहा आला आणि आत्याबाईंना गाण्याची हुक्की आली. त्यांच्या आवाजानं बशा वाजायच्या बाकी राहिल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या पोराटोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. गाणं थांबवून आत्याबाई दिराला म्हणाल्या, "अरे, तोंड का पाडून बसलायस? हस की जरा! नाताळ रोज येतो का?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. दिरानं ओठ ताणून पाहिले. मग कप उचलला आणि बशीत उपडा घातला.

मी खुर्ची मागं सारली. तेवढ्यात सासूबाई पुढं झाल्या, कप सुलटा केला आणि त्यात चहा ओतला.

मला वाटलं, सवयीनं केलं असेल. दिरानं तो चहा घटाघटा पिऊन टाकला. एवढा गरम चहा! आणि कप पुन्हा उपडा घातला. सासूबाईंनी पुन्हा सुलटा केला. यावेळी त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. तेव्हा मला कळलं, आणि डोक्यात तिडीकच गेली. नवऱ्याकडे पाहिलं, तर हे आपले मूग गिळून ताटलीवरची नक्षी बघतायत.

"आई," मी म्हटलं, "त्यानं कप उपडा घातलाय."

"फोटो राहिलाय," सासूबाई म्हणाल्या. किटली हातातच होती. "एक फोटो होऊ दे. मग ने."

"काय ठरलं होतं आपलं?"

"दोन मिनिटांचं काम आहे गं. घर भरलेलं आहे, सगळे आहेत…"

"फोटोसाठी पोराचा जीव घेताय का?"

माझा आवाज चढलाच. बोलले ते खोटं नव्हतं, पण चारचौघांत इतकं लागेलसं बोलायला नको होतं. दीर उठला, खुंटीवरचं जाकीट घेतलं आणि दाराशी जाऊन उभा राहिला. मी किल्ली शोधू लागले.

सासूबाई खाली बसल्या. सासऱ्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी, त्यांच्या नेहमीच्या जागेवर. त्यांच्या कपात गार झालेला चहा तसाच होता. तो त्यांनी सावकाश पिऊन संपवला. मग कप बशीत उपडा घातला आणि त्यावर हात ठेवला.

"हे काय गं वहिनी?" आत्याबाई सासूबाईंना म्हणाल्या. "चहा नको का तुला आणखी?"

"वहिनी," दीर दारातून मला म्हणाला. हळूच, पण स्पष्ट. "आईचा कप बघ."

मी पाहिला. अंगातला सगळा राग क्षणात उतरला. किती दिवस या बाईचा कप उपडाच होता आणि आम्ही तिचं कौतुक करत होतो.

"आई, काय झालं?" नवऱ्याला आत्ता वाचा फुटली.

"विचारायचं नाही, दादा," दीर म्हणाला. "ठरलंय आपलं."

तो आत आला. आईच्या चपला त्यानं शोधून आणल्या, तिच्या पायांशी ठेवल्या, खांद्यावर शाल टाकली. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेर काढताना द्यावा तसा हात दिला. त्या उठल्या. आत्याबाईंना मी नुसत्या डोळ्यांनीच गप्प केलं.

दीर मागच्या सीटवर बसला आणि सासूबाईंना माझ्या शेजारी बसवलं. मी गल्लीच्या वळणावर आले आणि गाडी गचका खाऊन थांबली. मी ब्रेक लावला नव्हता. त्यांनी दाबला होता, दोन्ही पायांनी.

"अगं, हे फोटोत कुठं असणार होते?" त्या म्हणाल्या. "कुठं असणार होते हे?"

आणि मग त्या रडल्या. सासरे गेले तेव्हा रडायचं राहिलं होतं ते सगळं. दिरानं मागून त्यांचे दोन्ही खांदे धरले. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्नवर हॉर्न दिला, मी खिडकीतून हात काढून त्याला पुढं जा म्हटलं, आणि इंजिन बंद केलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी पाय उचलला. "मलाही ने तिथं," त्या म्हणाल्या. "त्या सिस्टरकडे."

आम्ही दोघांनी काही विचारलं नाही. मी गाडी सुरू केली.